पोतं संपलं तिथं

विजयदुर्गच्या अलीकडे, खाडी वळते तिथं
एक बुरूज आहे. त्याला नाव नाही.
सरकारी कागदात आकडा आहे,
गावात नुसतं "बुरजाकडे गेलाय" म्हणतात,
म्हणजे गळ टाकायला,
किंवा घरात भांडून एकटा बसायला.

त्याच्या अंगावरचं सिमिट मी काढतोय.
अडीच महिने झाले.
छिन्नी बोटाएवढी, हातोडी तिच्याहून हलकी.
जोर लावला की जांभाही सोबत येतो.
प्रभुदेसाई बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं,
"मेस्त्री, दात घासायचेत, पाडायचे नाहीत."
माझं आडनाव मेस्त्री, धंदाही तोच,
त्यामुळे त्या मला नक्की कशाने हाक मारतात
ते अजून कळलेलं नाही.

सिमिट माझ्या बाबांनी घातलंय.
ब्याऐंशीचा मे, पंचायतीचं काम.
ओल्यावर खिळ्याने कोरलेली अक्षरं अजून वाचता येतात:
झि. मे.
झिलू मेस्त्री. गाव तेव्हा बघायला लोटलं होतं,
बुरूज कसा गुळगुळीत झाला,
लग्नाला उभा राहिलेल्या माणसासारखा.

आत काय झालं ते आता दिसतंय.
जांभा घाम गाळणारा दगड,
पावसाचं पितो, उन्हात सोडतो.
त्याला आम्ही ओल्या अंगावर रेनकोट चढवला
आणि बटणं लावून टाकली.
चाळीस वर्षं समुद्राचं मीठ आतल्या आत फुलत राहिलं.
एकेक खपली उचलावी
तर मागे लोणा लागलेला चिरा, 
तांबडी भुकटी, फुंकरीने उडणारी.

चुना सोलकर चाचांचा.
कालवांची टरफलं भाजून, विरवून,
महिनाभर पाण्याखाली झोपवलेला.
गुळाचं पाणी, हिरड्याचं पाणी,
प्रमाण विचारलं तर हात पुढे करतात,
"ह्याला विचार."
थापीवर गोळा घेऊन थापी उलटी धरतात.
पडला नाही तर म्हणतात, चल.
पडला तर काहीच म्हणत नाहीत,
घाणीकडे परत जातात.

संध्याकाळी बाबा लोट्यावर बसलेले असतात.
"कितक्या निघाला रे?"
"हातभर."
"म्हणजे घट आसा," असं म्हणून
तंबाखूची चिमूट जरा मोठी घेतात.
भुकटीचं मी सांगत नाही.
खिशात असते रोज थोडी,
धुवायला टाकताना बायको ओरडते.

काल उत्तरेच्या अंगाला, वाऱ्याच्या तोंडावर,
सिमिट मध्येच थांबलेलं सापडलं.
पुढे दोन वाव भिंत उघडीच.
इतक्या वर्षांची वादळं थेट अंगावर घेतलेली,
आणि एक सांधा हललेला नाही.
जुन्या चुन्यात अर्धा शिंपला होता,
आतून अजून चकचकीत.
ज्याने तो कालवला त्याचं नाव
कुठंही कोरलेलं नाही, मी शोधलं.

बाबांना सांगितलं. म्हटलं, तेवढीच बाजू वाचली.
ते बराच वेळ अंगणातल्या सुकत घातलेल्या जाळ्याकडे बघत राहिले.
जाळं शेजाऱ्याचं होतं.
मग म्हणाले,
"थंय पोतां सोपलां हुतां.
दुसऱ्याचे पैशे सरपंचान दिल्यान नाय."
आणि हसले.
हसता हसता खोकला लागला, तो बराच वेळ थांबेना.
"फाल्या माका घेवन चल."

आज रिक्षातून आले.
उघड्या भिंतीवर तळवा ठेवला, काढला,
वास घेतला.
चाचांनी स्टूल दिलं ते नको म्हणाले,
खाली बसले, आपल्या अक्षरांसमोर,
आणि माझ्याकडे न बघता हात पसरला.
मी बारकी छिन्नी दिली.

बाई म्हणाल्या, तारखेचा तुकडा ठेवू या, नोंद म्हणून.
बाबांना ऐकू कमी येतं.
किंवा आलं असेल.

हात कापत होता, घाव मात्र हलका,
इतका हलका मला अजून जमत नाही.
तासाभरात "झि" निघाला.
भरती पायरीपर्यंत आली,
रिक्षावाला हॉर्न देत होता.
"मे" उद्यावर ठेवला.